अर्धी बादली

१

पपांची सकाळ ठरलेली होती. साडेसहाला खिडकीचा पडदा सारायचा, त्यांना डाव्या कुशीवरून उताणं करायचं, पाठीवर कुठे लाली धरली आहे का ते पाहायचं, कोमट पाण्याने तोंड पुसायचं, उशा लावून बसवायचं आणि दुधात शिजवलेले ओट्स चमच्याने भरवायचे. मार्चमध्ये झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बोलणं परत येईल अशी आशा ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ठेवली. मला कुणी काही करू नको म्हटलं की मी ते आधी करते. कॉलेजातही माझी हीच ख्याती होती.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी पडदा सारला, तर चौकटीखालून एक लालसर ओळ निघाली होती. ती भिंतीवरून उतरून, पलंगाच्या पायावरून चढून, चादरीच्या घडीघडीतून पपांच्या डाव्या हातापर्यंत गेली होती. हात उताणा, उघडा पडला होता. मुंग्या तळहातावर चढत होत्या, फिरत होत्या आणि त्याच ओळीने परतत होत्या.

मी कीटकशास्त्र शिकले आहे. जिल्ह्याच्या शेतीखात्यात या मुंग्यांपासून घरं कशी वाचवायची, हे लोकांना सांगणं हेच माझं काम. या आगमुंग्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्या जहाजांतून आमच्याच मोबील बंदरात उतरल्या आणि इथून देशाच्या सगळ्या दक्षिण भागात पसरल्या. त्या जबड्याने कातडी पकडतात, नांगी मारतात, गोल फिरून पुन्हा मारतात. काही हललं की एकदम सगळ्या. अंथरुणाला खिळलेली माणसं त्यांनी मारलेली आहेत.

पपांनी बोटं मिटली, उघडली. मुंग्या बोटांमधून वाट काढून चालत राहिल्या.

मी ओल्या टॉवेलने मुंग्या टिपून घेतल्या. माझ्या मनगटावर अकरा डंख बसले, दुसऱ्या दिवशी अकरा पांढरे फोड आले. पपांच्या अंगावर एकही नव्हता.

दर पंधरवड्याच्या मंगळवारी घरी येणाऱ्या नर्स ट्रेडअवेबाईंनी माझे फोड पाहिले आणि विचारलं. मला खोटं बोलता येत नसे. त्यांनी पपांना अर्धा तास भिंगातून पाहावं तसं पाहिलं, मग खुर्चीत बसल्या.

"नशीब म्हणायचं," त्या म्हणाल्या. "पण डेल्फीन, पलंगावर मुंग्या पुन्हा दिसल्या तर मला तसं लिहावं लागेल. मग यांना केंद्रात हलवतील. तुझ्या हातात काही राहणार नाही, माझ्याही."

शुश्रूषा केंद्र शहरात होतं. पपांचा भाऊ तिथे गेला आणि सहा आठवड्यांत संपला. इस्पितळात पपांनी डाव्या हाताने माझी बाही धरली होती, आणि शब्द नसतानाही मला कळलं होतं ते काय मागत आहेत. मी वचन दिलं होतं: घरातच.

२

आमच्या अंगणात गवत नाही. आमच्या माणसांची ही जुनी रीत. गवत उपटून टाकायचं, माती उघडी ठेवायची, रानझुडपांच्या फांद्या बांधून केलेल्या खराट्याने ती दर शनिवारी झाडायची. साप दिसतो, आग पसरत नाही, आणि दारात येणाऱ्याला कळतं की इथे जागी माणसं राहतात. पपांनी झाडलेल्या मातीवर माशाच्या खवल्यांसारख्या कमानी उठत. मी त्यांवर पाय ठेवला की ओरडा बसायचा.

त्या स्वच्छ मातीत त्यांनी एकच गोष्ट उभी राहू दिली होती: त्यांच्याच खोलीच्या खिडकीखालचं वारूळ. राहू दिली म्हणणं चूक आहे, पपा तर ते वारूळ मारायला बघत होते. आमच्याकडे सगळ्यांची पक्की समजूत आहे की मुंग्यांना मक्याच्या कोरड्या कण्या घातल्या की त्या खातात, वर पाणी पितात, आणि पोटात कण्या फुगून फुटून मरतात. पपा नऊ वर्षं रोज सकाळी न्याहारीच्या डब्यातली मूठभर कणी त्या वारुळावर टाकत होते. पहिल्या वर्षी वारूळ बशीएवढं होतं. नवव्या वर्षी ते माझ्या गुडघ्याला लागत होतं.

मी सुट्टीत घरी आले की भांडायचे. वाढ झालेल्या मुंगीला घन अन्न खाता येतच नाही, ती ते अळ्यांना नेऊन देते, अळ्या त्याचा रस करतात आणि सगळ्यांना पाजतात. "पपा, तुम्ही मारत नाही आहात, तुम्ही त्यांना जेवू घालताय." पपा कणी टाकता टाकता म्हणायचे, "मरतायत गं. जरा चिवट आहेत, एवढंच."

मार्चपासून कणी बंद झाली. मी घालणं शक्यच नव्हतं.

समोर राहणाऱ्या मिस वर्लीन रोज दुपारी काहीतरी झाकून आणायच्या. सत्तरीच्या, एका गुडघ्याने अधू, आणि जीभ मात्र धडधाकट. मुंग्या घरात शिरल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"नऊ वर्षं रोज जेवायला घालणारा माणूस एकाएकी दिसेनासा झाला, तर चौकशीला नको यायला? माणसांपेक्षा बऱ्या. तुझा दुसरा काका एकदा तरी आला का?"

आम्ही दोघी हसलो. पपांकडे पाहिलं तर तेही हसत होते, तोंडाच्या डाव्या अर्ध्याने.

३

मी पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यभागी आणला. चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाडग्यांत ठेवले. चादर जमिनीला टेकणार नाही अशी खोचली. चौकटीखालची फट बुजवली. मुंगी पाणी ओलांडू शकते, साबणाचं पाणी नाही. हे मी बारा शाळांमध्ये मुलांना करून दाखवलेलं आहे.

सकाळी मुंग्या पुन्हा पपांच्या तळहातावर होत्या. वाडग्यांत एकही मेलेली नव्हती. ओळच नव्हती. कुठून आल्या ते मी छतापर्यंत शोधलं.

त्यानंतरच्या नवव्या सकाळी पपा बोलले.

मी ओट्स ढवळत होते. मागून आवाज आला, खरखरीत, पण स्पष्ट. "वर्लीन."

माझ्या हातातून चमचा पडला. मी त्यांच्या पलंगापाशी गुडघ्यांवर बसले आणि रडले, हसले, पुन्हा म्हणा म्हणाले. ते म्हणाले, "डावा पाय जड टाकतेय आज." आणि दोनेक मिनिटांनी फाटक वाजलं. एरवी दुपारी येणाऱ्या मिस वर्लीन डावा पाय ओढत आल्या. सकाळी पायरीवरून घसरल्या होत्या.

ते दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, कारण मी सुखात होते. पपा रोज थोडं थोडं बोलू लागले. त्यांचं तोंड भिंतीकडे असायचं, तिकडे खिडकीही नव्हती. "लँड्रीचं कुत्रं उकरतंय." लँड्रीचं घर चार घरं सोडून. "उद्या दुपारी पाणी येईल. खालचं वर न्यायला हवं." दुसऱ्या दुपारी धो धो पाऊस. "पोस्टाची गाडी आज उशिरा. चाकात हवा कमी."

मी कारणं शोधली, आणि ती मिळाली. या रस्त्यावर पपांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली; कोण कधी निघतं, कुणाचं कुत्रं कुठे उकरतं, हे त्यांना झोपेतही ठाऊक. एक इंद्रिय गेलं की दुसरं तीक्ष्ण होतं. पावसाचं तर म्हाताऱ्यांच्या सांध्यांना कळतंच. सगळं बसत होतं.

मग एका दुपारी मी त्यांचं तोंड पुसत असताना ते म्हणाले, "सकाळी शेडमागे बसली होतीस."

मी म्हटलं, हो, जरा वाऱ्याला.

"रडलीस. दोन थेंब पडले." त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. "खारट."

४

एका घराने मुंग्या मारल्या तर शेजारच्या घरातून नव्या येतात. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की माझं मलाच ऐकवत नाही. पण ते खरं आहे. राणीचं उडतं पिल्लू कुंपण मानत नाही. एक रस्ता, एक दिवस, सगळी घरं, तरच उपयोग. माझ्या कार्यालयात यावर तीन वर्षं नुसती कागदं फिरत होती. मी सप्टेंबरात आठवडाभर दारोदार फिरले आणि आमच्या सोरेल रोडवरच्या बाराही घरांना राजी केलं. एवढ्या कमी वयात हे जमलं याचा मला अभिमान होता. लपवत नाही.

पद्धत सोपी आहे. आधी आमिष: तेलात भिजवलेले, औषध लावलेले दाणे, वारुळावर न टाकता सगळ्या जमिनीवर विरळ फेकायचे. मुंग्या ते अन्न समजून घरी नेतात, राणीला भरवतात. कुणी लगेच मरत नाही. फक्त राणीच्या अंड्यांतून कामकरी मुंग्या निघणं बंद होतं. जुन्या आपल्या आयुष्याने संपतात, नव्या येत नाहीत. काही आठवड्यांनी वारूळ रिकामं. जे उरेल त्याच्यावर मग औषधाचं पाणी ओतायचं.

शनिवारी सकाळी बारा घरची माणसं आमच्या अंगणात जमली. मी बटाट्याचा एक वेफर वारुळाजवळ ठेवून दाखवला. दहा मिनिटांत त्यावर मुंग्या आल्या तर त्या भुकेल्या आहेत, आमिष टाकायची वेळ बरोबर. दोन मिनिटं लागली. मग मी पिशवी फोडली. लँड्रीने मूठभर दाणे हातात घेऊन नाकाशी नेले.

"हे काय आहे, बाई?"

मी म्हटलं, मक्याचे दाणे, भरडलेले, तेल आणि औषध लावून.

"म्हणजे कण्याच ना."

सगळं अंगण हसलं. मिस वर्लीन म्हणाल्या, हिच्या बापाने, अल्सीदने, नऊ वर्षं केलं तेव्हा ती अडाणी समजूत, आणि हिने कॉलेजात जाऊन केलं की ते शास्त्र. मला राग आला, मग मीही हसले. अकरा वाजेपर्यंत सगळ्या रस्त्यावर दाणे पडले. आमच्या अंगणात मी स्वतः टाकले, उघड्या मातीवर, चारही कडांपर्यंत.

मी हात धुऊन पपांच्या खोलीत गेले. ते जिभेने टाळू चाटत होते, हळूहळू, लहान मूल नवी चव पाहतं तसे.

"काय झालं?"

"तेलकट," पपा म्हणाले. "छान आहे. सगळ्यांना देतोय."

त्या सकाळी त्यांनी ओट्स घेतले नव्हते; सफरचंदाच्या गराच्या चार चमच्यांखेरीज त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं.

५

मी शिकलेली मुलगी आहे. शंका आली तर तपासायचं, घाबरायचं नाही. मी मिस वर्लीनना सांगितलं की दिवसातून तीन वेळा, मला न सांगता, रस्त्यावर कुठेतरी चालत जा आणि वेळ लिहून ठेवा. इकडे मी पपांजवळ बसून ते काय म्हणतात ते लिहीत गेले. दर आठवड्याच्या शेवटी आम्ही कागद जुळवत होतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पपांनी त्यांना प्रत्येक वेळी ओळखलं, अगदी रस्त्याच्या टोकाच्या ओढ्यापाशीही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फक्त आमच्या फाटकापासून आत. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या अंगणात उभ्या होत्या, खिडकीपासून वीस पावलांवर, आणि पपा म्हणाले, "कुणी नाही."

रस्त्यावरची वारुळं तोवर ओस पडत चालली होती. लोक मला फोन करून शाबासकी देत होते. लँड्रीची नात पहिल्यांदा अनवाणी खेळली म्हणे. कार्यालयाने माझा फोटो काढायला माणूस पाठवतो म्हटलं.

पपा खंगत होते. जेवत होते, तरी खंगत होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, आणि वय असं निदान केलं. शब्द कमी झाले. एकदा मी त्यांना उशीवर उचलत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला ते पाहवेना.

"लहान कुणी नाही," ते म्हणाले. "खोल्या रिकाम्या. भरवायचं कुणाला?"

मी विचारलं, कुठल्या खोल्या, पपा? त्यांनी डोळे मिटले.

आता तळहातावर पाच-सहाच मुंग्या यायच्या. मोठ्या, काळपट, संथ. मी त्यांना पुसायचं थांबवलं होतं. का ते माझ्या कागदात लिहिलेलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी ट्रेडअवेबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या, आणि त्या पाच-सहा मुंग्या त्यांना दिसल्या.  त्यांनी बॅगेतून छापील कागद काढला, भरला, आणि सही न करता घडी घालून परत ठेवला.

"पुढच्या मंगळवारी अकरा वाजता येते," त्या म्हणाल्या. "तेव्हा एकही नको. एकही, डेल्फीन. मी चांगुलपणा करतेय, आणि यात माझी नोकरी आहे."

६

सगळ्या रस्त्यावर एकच वारूळ जिवंत होतं. खिडकीखालचं. तेही अर्धं बसलेलं.

सोमवारी दुपारी मिस वर्लीन भेंडीचं कालवण घेऊन आल्या आणि ओसरीवर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. तेलकट, खारट, रिकाम्या खोल्या. सांगताना मी चिडत होते, कारण मोठ्याने उच्चारलं की ते वेडगळ वाटत होतं, आणि न उच्चारता ते अगदी सरळ होतं.

मी म्हटलं, योगायोग म्हणून हे मोडून काढता येतं. म्हातारा माणूस ऑक्टोबरात खंगला, मुंग्याही ऑक्टोबरात संपल्या. पानंही ऑक्टोबरात गळतात.

"मग ओत उद्या," त्या म्हणाल्या.

मी पायरीवरचं एक वाळकं पान उचलून चुरलं.

"ओतत नाहीस, कारण तुला वाटतं की बाप मरेल. ठेवत नाहीस, कारण तुला वाटतं की बापाला नेतील. मधलं काही नाही, पोरी. तुला मधलं हवंय."

मी विचारलं, तुम्ही काय केलं असतं? त्यांनी अंगणाकडे पाहिलं. मार्चपासून ते कुणी झाडलं नव्हतं. मातीवर पेकनची, त्या अक्रोडासारख्या झाडाची, पानं कुजत होती.

"मला एवढंच वाटतं," त्या हळूच म्हणाल्या, "की मार्चनंतर त्या खोलीत जे बोलतंय त्याला अल्सीद म्हणायची तुला फार घाई झाली. मला तो माझ्या पायांवरून ओळखतो. पण तीस वर्षं तो मला वर्ली म्हणायचा. आता वर्लीन म्हणतो."

त्या भांडं तिथेच ठेवून गेल्या. मला त्यांचा इतका राग आला की मी कालवण झाडाच्या बुंध्याशी ओतून दिलं.

७

मंगळवारी सकाळी ऊन होतं, हवा थंड. अशा वेळी सगळं वारूळ उबेसाठी वरच्या थरात येतं. ओतायला याहून चांगली वेळ नाही. दहा वाजता मी औषध मोजून बादलीत मिसळलं. मोठी बादली, काठोकाठ. वारूळ न हलवता, न टोचता, सावकाश, पूर्ण ओतायचं असतं. पूर्ण.

मी आधी आत जाऊन पपांना पाहिलं. ते उताणे होते, डोळे छताला. तळहातावर एक मुंगी होती. मी त्यांना सांगितलं, पपा, मला तुम्हाला इथेच ठेवायचंय. ते काही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या कपाळाला ओठ लावले. कपाळ गार होतं.

बाहेर येऊन मी बादली उचलली आणि ओतायला लागले. पाणी मातीत शिरलं, वरचा पापुद्रा खचला, आणि मुंग्या उकळल्यासारख्या वर आल्या. एवढ्या आत असतील असं वाटलं नव्हतं. मी ओतत राहिले. 

"डेल."

तो त्यांचा आवाज होता. झटक्याआधीचा. बसच्या दारातून मला हाक मारायचे तो, जरासा हसरा, जरासा दमलेला. खिडकी बंद होती, आणि आवाज खिडकीतून आला नव्हता.

"डेल, पुरे बाळा. दुखतंय."

मी थांबले. बादली खाली ठेवली. ती अर्धी भरलेली होती.

 मुंग्या इकडेतिकडे धावत नव्हत्या. त्यांनी ओळ धरली होती. उरलेल्या सगळ्या, प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी पांढरं, आणि मध्ये एक दाट गोळका, कशाला तरी झाकून नेणारा. ओळ भिंतीकडे चालली होती, खिडकीच्या चौकटीखाली मी बुजवलेल्या फटीकडे. ती फट आता बुजलेली नव्हती.

बारा घरांत मी हे स्वतः सांगत फिरले होते. लोकांना पाठ करून घेतलं होतं. अर्धवट ओतू नका. अर्धवट औषधाने वारूळ मरत नाही, ते घर बदलतं.

घरात पलंग करकरला.

मी ओसरीकडे धावले. पण पायऱ्यांपाशी पाय थांबले, कारण आत कुणीतरी चालत होतं. पाऊल टेकण्याआधी जरा वेळ लागायचा, मग ते एकदम टेकायचं. पुन्हा वेळ. पुन्हा पाऊल. दिवाणखान्यातून ओसरीच्या दाराकडे.

जाळीच्या दारामागे पपा उभे होते. दोन्ही पायांवर. रात्रीच्या सदऱ्यात, केस विस्कटलेले, उजवा हात लांब करून त्यांनी चौकट धरली होती. सात महिने जो हात मी धुतला, पुसला, वळवला तो. जाळीमुळे चेहरा नीट दिसत नव्हता. चेहऱ्यावर सावली हलत होती, आणि मी स्वतःला सांगितलं की ती पेकनच्या फांद्यांची.

"आत ये," ते म्हणाले. "ऊन लागेल."

फाटकाशी गाडी थांबली. ट्रेडअवेबाई बॅग घेऊन उतरल्या, अंगणाच्या मध्यापर्यंत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि रडू लागल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं पाहिलं नव्हतं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांनी पपांना खुर्चीत बसवलं. पपा बसले, थोडं थांबून. बाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं पपांनी उत्तर दिलं: नाव, महिना, घराचा नंबर. मग बाईंनी पलंग पाहिला; चादर स्वच्छ, भिंत स्वच्छ, खोलीत एकही मुंगी नाही. त्यांनी तो घडी घातलेला कागद बॅगेतून काढला आणि माझ्यासमोर फाडला.

"घरी ठेवलंस म्हणून हे झालं," त्या मला म्हणाल्या. "तुझ्या हट्टामुळे."

मग त्यांनी पपांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. बोटं जरा सरकवली. पुन्हा सरकवली. हसून म्हणाल्या, आज माझेच हात थरथरतायत, मला नाडी लागत नाही. वहीत रकाना भरावा लागतो, तो रिकामा राहिला तर वरून चौकशी येते, डॉक्टर बघायला येतात. "तू धर, डेल्फीन. तू तर रोज घेतेस. अर्धा मिनिट मोज आणि दुप्पट कर."

मी पपांसमोर गुडघ्यांवर बसले आणि तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे पपांचेच होते, तपकिरी, उजव्यात तो जुना डाग.

कातडीखाली काहीतरी चालत होतं. ठोक्याला मध्ये विसावा असतो, याला नव्हता. ते मनगटाकडून कोपराकडे जात होतं, आणि कोपराकडून मनगटाकडे येत होतं, दोन्हीकडून एकाच वेळी, दाट, कामात गढलेलं.

मी अर्धा मिनिट बोटं उचलली नाहीत.

ट्रेडअवेबाईंनी पेन वहीवर टेकवलं. "किती?"

"बहात्तर," मी म्हणाले.